घरातलं मूल, वर्गातलं मूल

पालकसभेच्या दिवशी कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभं राहिलं तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "घरी असा नाही हो वागत तो." वर्गशिक्षिकेचं उत्तरही ठरलेलं असतं : "एकदा वर्गात येऊन बघा." आई मनात म्हणते, बाईंचं माझ्या मुलाकडे लक्षच नाही. बाई मनात म्हणतात, यांना आपल्या पोराचं काही दिसतच नाही. दोघी नमस्कार करून उठतात आणि पुढची सभा येईपर्यंत भेटत नाहीत.

या दोघींपैकी खरं कोण बोलतंय, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. बहुतेक वेळा दोघीही खरंच बोलत असतात. मुलाबद्दल घर आणि शाळा यांचं जे जुळत नाही, त्यातच त्या मुलाबद्दलची सर्वांत उपयोगी माहिती दडलेली असते. ती वाया कशी जाते आणि वाया जाऊ नये म्हणून काय करता येतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दोघींचंही खरं

१९८७ मध्ये थॉमस आकेनबाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर तोवर झालेले ११९ अभ्यास एकत्र केले. प्रश्न साधा होता : एकाच मुलाच्या वागण्याबद्दल, चिडण्या-घाबरण्याबद्दल वेगवेगळी माणसं जे सांगतात, ते एकमेकांशी कितपत जुळतं? अशा जुळणीच्या मोजमापात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत मेळ. आई आणि वडील यांच्यासारख्या, मुलाला एकाच जागी बघणाऱ्यांचं उत्तर ०.६० इतकं जुळलं. पालक आणि शिक्षक यांच्यासारख्या, वेगवेगळ्या जागी बघणाऱ्यांचं जुळलं ०.२८. मुलाने स्वतःबद्दल सांगितलेलं आणि इतरांनी त्याच्याबद्दल सांगितलेलं तर अवघं ०.२२.

हे आकडे पाहून कुणाला वाटेल की पालक पक्षपाती असतात किंवा शिक्षक निष्काळजी. अभ्यासकांनी तसा अर्थ काढला नाही. मूल जागेप्रमाणे बदलतं, म्हणून त्याला बघणाऱ्यांची उत्तरं बदलतात, असं त्यांचं म्हणणं. आपण मोठी माणसंही कचेरीत एक आणि घरी एक असतोच. मुलांनी मात्र सगळीकडे सारखं असावं अशी आपली अपेक्षा असते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मारामारी, उलट बोलणं, वस्तू फेकणं अशा उघड गोष्टींबद्दल मोठ्यांचं त्यातल्या त्यात जास्त जुळतं. भीती, उदासी, आतल्या आत कुढणं याबद्दल कमी जुळतं. म्हणजे दंगेखोर मुलाबद्दल दोघांना निदान सारखी काळजी तरी असते. गप्प मुलाचं दुखणं एकालाच दिसतं, कधी कुणालाच दिसत नाही.

डॉक्टरांनी ही अडचण केव्हाच मान्य केली आहे. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, याचं निदान करताना लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत असा निकष आहे. म्हणूनच जाणकार डॉक्टर आईवडिलांचं ऐकून थांबत नाहीत, शाळेकडूनही माहिती भरून मागवतात. केवळ वर्गातच चुळबुळ करणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी वर्गाकडे बघावं लागतं. कदाचित त्याला फळाच दिसत नसेल.

याच्या उलटही होतं. काही मुलं घरी भरपूर बडबडतात आणि शाळेत महिनोन् महिने तोंडातून शब्द काढत नाहीत. हा चिंतेचा एक विकार असतो, हट्ट नव्हे. बाईंना वाटतं मुलीला बोलता येत नाही. आईला वाटतं बाईंना तिला बोलतं करता येत नाही. दोघींची निरीक्षणं शेजारी ठेवली तरच हा प्रकार ओळखता येतो. मात्र प्रत्येक गप्प मूल आजारी नसतं. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा नंदुरबारच्या डोंगरातलं पावरी बोलणारं मूल पहिलीच्या मराठी वर्गात मुकं होतं आणि शाळा सुटल्यावर नदीकाठी गोष्टी रंगवून सांगतं. त्याच्याबद्दल 'बोलत नाही' अशी नोंद करणाऱ्या शिक्षकाने जे पाहिलं ते खरंच असतं. त्याला संध्याकाळ दिसलेली नसते, एवढंच.

एकुलतं एक आणि चाळिसांतलं एक

दोन नजरा वेगळ्या का असतात, याचं उत्तर जागेइतकंच नात्यातही आहे. विलार्ड वॉलर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३२ साली शिक्षकी पेशावर एक ग्रंथ लिहिला. पालक आणि शिक्षक हे स्वभावतःच एकमेकांचे विरोधक असतात, असं त्यात त्याने रोखठोक मांडलं. कारण दोघांनाही मुलाचं भलंच हवं असतं, पण भल्याची व्याख्या वेगळी असते. पालकाला आपलं मूल वेगळं म्हणून वागवलं जावं असं वाटतं. शिक्षकाला सगळ्यांना एकच नियम लावावा लागतो. तो न लावला तर वर्ग चालत नाही आणि अन्यायाची तक्रार तेच पालक घेऊन येतात.

"माझ्या मुलाकडे जरा विशेष लक्ष द्या" ही विनंती एका आईने केली तर रास्तच आहे. चाळीस आयांनी केली की तिचा अर्थच उरत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. अनेक वर्गांत मुलं याहून जास्त असतात. पाच तासांची शाळा आणि चाळीस मुलं असा भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात, तीही फळ्यावर लिहिण्याचा, हजेरीचा आणि भांडणं सोडवण्याचा वेळ न वगळता.

प्रत्येक नजरेचं स्वतःचं बळही आहे. आईवडिलांनी या एका मुलाला आठ वर्षं पाहिलेलं असतं. तो कधी चालायला लागला, आजी गेल्यावर किती दिवस जेवला नाही, कशाला घाबरतो, हे त्यांना ठाऊक असतं. शिक्षिकेने आठ वर्षांची शेकडो मुलं पाहिलेली असतात. तिसरीतल्या मुलाने अक्षरं उलटी लिहिणं अजून चालण्यासारखं आहे की आता काळजीचं, हे तिला कळतं. एकुलत्या मुलाच्या आईला कळायला मार्ग नसतो. आई मुलाची तुलना कालच्या त्याच्याशी करते, बाई शेजारच्या बाकाशी. मूल कुठून कुठे आलं हे एकीला समजतं, कुठे असायला हवं हे दुसरीला. शहाणपण दोन्ही उत्तरं मिळून येतं, आणि ती एकत्र येण्याची जागा आपल्या शाळांत फार अरुंद आहे.

शिक्का

शिक्षकाची नजर नुसती बघत नाही, ती मुलाला घडवतेही. रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकब्सन यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली आणि शिक्षकांना सुमारे २० टक्के मुलांची नावं देऊन सांगितलं गेलं की ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जातील. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांच्या गुणांत खरोखरच इतरांपेक्षा जास्त वाढ दिसली. १९६८ मध्ये यावर पुस्तक आलं आणि त्याच्या पद्धतीवर कडक टीकाही झाली. नंतरच्या संशोधनाने चित्र थोडं सौम्य केलं : शिक्षकांचे अंदाज बऱ्याचदा बरोबर असतात आणि अपेक्षेचा परिणाम साधारणपणे लहान असतो. पण ज्यांच्यावर समाजाने आधीच शिक्का मारलेला असतो, अशा मुलांवर तो मोठा असू शकतो.

परिणाम घडतो कसा, याचीही उकल झाली आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची किती वाट बघतात, हे मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास मोजलं. सरासरी जेमतेम एक सेकंद. त्यातही 'हुशार' समजल्या गेलेल्या मुलांसाठी थोडा जास्त वेळ आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला विचार करायला वेळ हवा त्यालाच तो मिळत नाही. "बस खाली, तू सांग रे" असं म्हणताना कुठल्याही शिक्षकाच्या मनात वाईट हेतू नसतो. पण ते वाक्य दिवसातून चार वेळा त्याच मुलाच्या वाट्याला आलं की त्याला आपली जागा कळते.

भारतात हा शिक्का अनेकदा जातीचा असतो. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी मुलांची एक परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाचं वय, लिंग आणि जात यादृच्छिक पद्धतीने लिहिली, म्हणजे त्या नोंदींचा खऱ्या मुलाशी संबंध नव्हता. मग त्या पत्रिका शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची मानली गेलेली जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण तो एकाच दिशेने होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती की हा कल मुख्यतः त्याच जातींतल्या परीक्षकांकडून आलेला दिसला. पूर्वग्रह हवेत असतो, तो श्वासाबरोबर सगळ्यांच्याच आत जातो.

मुलाच्या आत तो काय करतो, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांच्या प्रयोगाने दाखवलं. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची मुलं कागदावर चक्रव्यूहाची कोडी सोडवत होती. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखीच होती. सर्वांसमोर प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव आणि जात मोठ्याने वाचल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती, मुलंही तशीच. आपल्याकडे भर वर्गात "शिष्यवृत्तीवाले हात वर करा" असं सहज पुकारलं जातं, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

दोन नजरा जुळल्या म्हणजे त्या बरोबरच असतात, असंही नाही. २००७ च्या 'तारे ज़मीन पर' या चित्रपटात ईशानचे वडील आणि त्याची शाळा यांचं पूर्ण एकमत होतं : मुलगा आळशी आणि उनाड आहे. ते एकमत मोडलं ते चित्रकलेच्या शिक्षकाने, मुलाच्या घरी जाऊन त्याच्या वह्या चाळल्या तेव्हा. त्याला चुकांमध्ये एक ठरावीक आकृतिबंध दिसला. डिस्लेक्सिया असलेल्या अशा मुलांना महाराष्ट्र सरकारने दहावीच्या परीक्षेत १९९६ मध्येच सवलती दिल्या होत्या, पण सवलत मिळण्याआधी कुणाला तरी 'आळशी' या शब्दापलीकडे बघावं लागतं.

"पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही"

शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य वर्षानुवर्षं चालत आलं आहे. ते तपासून पाहिलं गेलं. १९९६ मध्ये बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हिमाचल प्रदेश इथल्या खेड्यांत केलेल्या पाहणीचा 'प्रोब' अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाने शिकणं महत्त्वाचं आहे असं ९८ टक्के पालकांनी सांगितलं, मुलीच्या बाबतीत ८९ टक्क्यांनी. गरीब पालक उदासीन असतात, ही समजूत आकड्यांपुढे टिकली नाही. कमतरता होती ती शाळेवरच्या विश्वासाची आणि तिथपर्यंत पोचण्याच्या सोयीची.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, परतत नाहीत. शाळेच्या हजेरीपटावर मूल 'सतत गैरहजर'. आईच्या हिशेबात प्रश्न वेगळा आहे : गावात म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर वयात येणारी मुलगी पाच-सहा महिने ठेवायची का? हंगामी वसतिगृहाची योजना आली ती हाच प्रश्न ओळखून. जिथे वसतिगृह वेळेवर सुरू होतं आणि आईला ते सुरक्षित वाटतं, तिथे 'महत्त्व न कळणारे' पालक मुलांना मागे ठेवून जातात.

शाळेशी बोलण्याची ताकदही सगळ्या पालकांकडे सारखी नसते. ॲनेट लारो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या शाळांचा अभ्यास करून दाखवलं की मध्यमवर्गीय पालक शिक्षकांशी बरोबरीने बोलतात, प्रश्न विचारतात, मुलासाठी सवलत मागतात. कामगारवर्गातले पालक शिकवणं हे शिक्षकाचं काम मानून मागे राहतात. शिक्षक या मागे राहण्याला अनास्था समजतात. आपल्याकडचं चित्र फार वेगळं नाही. सभेत पहिल्या रांगेतले पालक गृहपाठापासून गॅदरिंगपर्यंत सगळ्यावर बोलतात. मागे उभा असलेला बाप, रोजंदारी बुडवून आलेला, एवढंच म्हणतो : "गुरुजी, मारा पण शिकवा." पहिला पालक जागरूक ठरतो, दुसरा अडाणी. दुसऱ्याने मात्र आपल्या मुलाची सगळी जबाबदारी विश्वासाने समोर ठेवलेली असते. मारण्याची परवानगी नाकारून त्या विश्वासाचा मान कसा राखायचा, हे शिक्षकाला ठरवायचं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहेच.

पालकांचे अंदाजही चुकतात. मलावीत रिबेका डिझन-रॉस यांनी पालकांना आपल्या मुलांच्या गुणांचा अंदाज विचारला, तेव्हा तो वास्तवापासून बराच दूर निघाला. गरीब आणि कमी शिकलेल्या पालकांचा जास्त. खरे गुण समजेल अशा भाषेत सांगितल्यावर त्यांनी मुलांवरच्या खर्चाचे निर्णय बदलले. शाळेने माहिती दिलेली होती, पण ती पोचली नव्हती.

प्रगतीपुस्तकात काय लिहितात

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेण्या आल्या आणि प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंद लिहिणं बंधनकारक झालं. कल्पना उत्तम होती : शिक्षकाने मुलाकडे निरखून बघावं आणि दिसलं ते लिहावं. पण एका वर्गाच्या, प्रत्येक विषयाच्या, वर्षभराच्या नोंदी म्हणजे शेकडो वाक्यं. लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, नंतर त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'परिसराविषयी माहिती सांगतो.' 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.' नोंद कुणाचीही असू शकते, म्हणून ती कुणाचीच नसते.

ही दोन वाक्यं ताडून पाहा. पहिलं : 'गणितात प्रगती आवश्यक.' दुसरं : 'बिनहातच्याची वजाबाकी बरोबर करते, हातच्याची आली की मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळी होते.' पहिल्या वाक्याने घरी ओरडा बसतो किंवा शिकवणी लागते. दुसऱ्या वाक्याने चौथी शिकलेली आईही दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून मुलीला समोर बसवू शकते. दुसरं वाक्य लिहायला वेळ थोडाच जास्त लागतो, पण त्याआधी मुलीची वही नीट बघितलेली असावी लागते.

शाळेची डायरी आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांचीही गत हीच आहे. दोन्हींत निरोप एकाच दिशेने वाहतो : वही आणली नाही, बूट काळे नव्हते, उद्या अमुक रक्कम पाठवा. जपानच्या पाळणाघरांत आणि बालशाळांत 'रेनराकुचो' नावाची वही रोज ये-जा करते. तिच्यात घरून आई किंवा वडील लिहितात की रात्री झोप कशी झाली, सकाळी काय खाल्लं, मूल खुशीत आहे का. शाळा दिवसभराची हकीकत लिहून परत पाठवते. शाळेलाही घराकडून काही कळून घ्यायचं आहे, हे ती वही गृहीत धरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन आहे आणि घर व शाळा यांना जोडणारा दुवा म्हणून त्या पत्रकाकडे पाहिलं आहे. कागदावर हे योग्यच आहे. तयार नोंदींची पुस्तिका याही पत्रकाच्या मागोमाग आली नाही, तर त्याचा उपयोग होईल.

शाळा अंगणात गेली तेव्हा

शिक्षकाने घर पाहिलं की मुलाकडे बघण्याची रीत कशी बदलते, याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं.

तिथली मुलं बालवाडीत येत नव्हती. 'आदिवासींना शिक्षण नको आहे' असा शेरा मारून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिलं. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळत होती, मोठा भाऊ गुरांमागे होता. मग बालवाडी मुलांच्या अंगणातच भरली आणि तिला अंगणवाडी म्हटलं गेलं. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. म्हणजे बहिणीला भावंडासकट येता येईल. गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. डहाणूच्या शिंपल्या, बिया, पानं हेच शैक्षणिक साहित्य झालं.

कोसबाडचा धडा नवी पद्धत शोधण्यापुरता नाही. शाळेत दिसत नसलेलं मूल घरी काय करतंय, हे पाहिल्यावर तेच मूल त्यांना जबाबदार दिसू लागलं. गुरं राखणाऱ्याला वाटा, पाणवठे, झाडं ठाऊक होती. भावंड सांभाळणारीला धीर होता. शाळेच्या फुटपट्टीवर या कशाचीच खूण नव्हती. ताराबाई-अनुताईंनी ती फुटपट्टी बदलली.

समितीत मूल कुठे आहे?

शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. इतकी उदार जागा पालकांना पूर्वी कधी मिळाली नव्हती. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही; तिथे महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने शिक्षक-पालक संघाला शुल्क ठरवण्याच्या प्रक्रियेत स्थान दिलं.

परिणाम असा झाला की गावच्या समितीत पोषण आहार, शौचालय, वर्गखोली यांवर चर्चा होते आणि शहरातल्या संघात फीवर. हे विषय महत्त्वाचेच आहेत. पण 'आपल्या शाळेतली मुलं आपल्याला कशी दिसतात' हा विषय कुठल्याच विषयपत्रिकेवर नसतो. आया समितीत निम्म्या असल्या तरी अनेक ठिकाणी त्यांचं काम सहीपुरतं असतं. खरं तर कोणतं मूल हल्ली गप्प झालंय, कोणत्या घरात बापाचं काम सुटलंय, कोणत्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळलेलं असतं.

तिसरा साक्षीदार

या सगळ्यात मूल काय बघतं? त्याला एक व्यवस्था दिसते. घरी आई म्हणते, "थांब, बाईंना सांगते." शाळेत बाई म्हणतात, "उद्या पालकांना घेऊन ये." दोन्ही ठिकाणी दुसऱ्या जागेचा उपयोग बागुलबुवासारखा होतो. मग मूल दोन्ही जागांमधली माहिती हुशारीने अडवायला शिकतं : चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते, सही स्वतःच केली जाते. याला आपण लबाडी म्हणतो. दोन मोठी माणसं भेटली की त्याचं नुकसानच होतं, हा त्याचा अनुभव असतो आणि तो त्या अनुभवाप्रमाणे वागतो.

मोठ्यांच्या आणि मुलाच्या सांगण्यातला मेळ सगळ्यांत कमी होता, ०.२२, हे वर आलंच आहे. तरी पालक आणि शिक्षक मुलाबद्दल बोलतात तेव्हा ते बहुधा बाहेर तरी असतं किंवा मान खाली घालून शेजारी उभं तरी. त्याला विचारलं जात नाही. पाचवीतल्या मुलाला "तुला या वर्षी काय जमायला लागलं आणि काय अजून अडतंय?" असं शांतपणे विचारलं तर तो नेमकं सांगतो; अनेकदा प्रगतीपुस्तकापेक्षा नेमकं.

पुढच्या पालकसभेसाठी

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. पालकांनी "अभ्यास करतो का?" हा प्रश्न एकदा बाजूला ठेवावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : माझं मूल डबा कुणाबरोबर खातं? कोणत्या तासाला हात वर करतं? अडलं तर मदत मागतं का? शिक्षकांनी तक्रारीआधी विचारावं : घरी ते कशात तासन् तास रमतं? कोणतं काम त्याच्यावर सोपवता? अलीकडे घरात काही बदललंय का? आणि दोघांनी मिळून मुलाला विचारावं, तेही त्याच्या देखत एकही ठपका ठेवण्याआधी.

शाळांनी सभेची वेळ मजुरी करणाऱ्या पालकालाही जमेल अशी ठेवावी. वर्षात एक भेट अशी असावी की जिच्यात गुणांचा कागद टेबलावर नसेल. शक्य असेल तिथे शिक्षकाने घरी एक चक्कर टाकावी. ती झडतीसारखी वाटू नये म्हणून पहिली चक्कर काहीतरी चांगलं सांगायला असावी.

आणि पालक-शिक्षक एकमेकांना "तो असा नाही" म्हणतील, तेव्हा तिथे वाद घालू नये. "म्हणजे तुमच्याकडे कसा असतो, सांगा ना" एवढं विचारावं आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. मुलाबद्दल आपल्याला माहीत नसलेलं सांगू शकेल असं सगळ्यांत जवळचं माणूस त्या वेळी आपल्या समोरच बसलेलं असतं.